काटा हिरव्यात होता

छातीच्या जुन्या आजाराच्या माणसाला लोक दोन गोष्टी फुकट देतात, बसायला खुर्ची आणि सल्ला. खुर्ची मी घेतो. सल्ला या कानाने ऐकून त्या कानाने सोडतो, कारण आजवर मला कांद्याच्या रसापासून गाढविणीच्या दुधापर्यंत सगळं सांगून झालंय. आपण मात्र कुणाला सल्ला द्यायचा नाही असं ठरवलं होतं. तरी लिहायला बसलोय. एक बारीकशी गोष्ट मला वेळेवर कळली असती तर माझा थोरला भाऊ योहान आज जिवंत असता. ज्यांच्या घरात हा आजार आहे आणि ज्यांना डॉक्टरांनी फुंकायचं मीटर दिलंय, त्यांनी तरी हे वाचावं.

मला लिहायची सवय नाही. मी वाजवणारा माणूस. म्हणजे होतो.

गालावर वाजीव

तिसगावात आमचा बँड होता. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा जुनं बरंच काही सोडलं, वाजवणं तेवढं सोडलं नाही. त्यांची हलगी होती, वडिलांच्या काळात पितळी वाद्यं आली. नाताळात चर्चची गाणी आणि लगीनसराईत कुणाच्याही मांडवात सिनेमाची गाणी, असं आमचं वर्ष. दादा आणि मी दोघंही ट्रम्पेटवर. वडील लवकर गेले, त्यामुळे ओठ कसे धरायचे इथपासून सगळं मला दादानेच शिकवलं.

वरातीत उन्हातान्हात चालत चालत तासन् तास वाजवावं लागतं. नुसत्या छातीच्या जोरावर वाजवणारा पहिल्या चौकातच बसतो. म्हणून आमच्याकडे पोराला पहिला धडा गालाचा. हवा गालात साठवायची, नाकाने श्वास घेत राहायचं, आणि गालातली हवा जिभेच्या टोकाने 'तू' करून सोडायची. शमुवेलचं शमा करून दादा म्हणायचा, "छाती दमती शमा, गाल दमत न्हाईत. गालावर वाजीव." हे अंगात इतकं मुरलं की गरम चहासुद्धा मी तसाच फुंकायचो. लग्नानंतर पहिल्यांदा ते बघून माझी बायको रूथ पदर तोंडाला लावून हसत सुटली होती.

लगीनसराई संपली की आम्ही दोघं खडी क्रशरवर कामाला जायचो. तोंडाला रुमाल बांधायचा, संध्याकाळी तो झटकला की गिरणीतल्यासारखी पांढरी धूळ पडायची. वर दिवसभर बिड्या. गावातले लोक पुढे म्हणाले, फुंकून फुंकून ह्यांच्या छात्या गेल्या. तसं नव्हतं. वाजवण्याने आमचं काही बिघडलं नव्हतं, जे बिघडवलं ते धुळीने आणि बिडीने.

टीबी नाही

दोन हिवाळे खोकला गेला नाही. मग जिना चढताना थांबायला लागलो, मग सायकलवरून उतरून चालायला लागलो, आणि एकदा मांडवातच गाणं अर्ध्यावर तुटलं. नवरदेवाचा मामा म्हणाला, "काय बँडवाले, सुपारी घेऊन झोपता का?" मी हसलो. दुसऱ्या दिवशी रूथने मला एसटीत बसवून नगरला नेलं.

दवाखान्यात खिडकीवरच्या माणसाने केसपेपर करताना विचारलं, "धंदा?" मी म्हणालो, "मजुरी." आमच्यात कुठल्याही कागदावर असंच सांगायची पद्धत आहे. बँड म्हटलं की समोरच्याचा चेहरा बदलतो, तो जातीपर्यंत जातो, आणि मग 'अहो'चं 'अरे' होतं. मजुरीला कुणी काही विचारत नाही. दादानेही पुढे तेच लिहून घेतलं. एवढ्या एका शब्दाने पुढे काय केलं ते नंतर सांगतो.

डॉक्टरबाई तरुण होत्या, नुकत्याच शिकून आलेल्या. एक्स-रे उजेडात धरून त्यांनी खूप वेळ बघितला. म्हणाल्या, "फुप्फुसं फुगली आहेत, नळ्या आकसल्या आहेत. झालेलं नुकसान भरून येणार नाही. हा आजार बरा होत नाही, सांभाळावा लागतो."

"टीबी न्हाई ना?" मी विचारलं.

"टीबी नाही."

मी इतका खूश झालो की स्टँडवर येऊन भजी घेतली. रूथ खाईना. मी फक्त 'टीबी नाही' ऐकलं होतं आणि तिने फक्त 'बरा होत नाही'. एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. करंजीचा घाट उतरेपर्यंत मला कळलंच नाही की ती रडतेय. कळल्यावर मी उरलेली भजी तशीच पिशवीत ठेवली.

पुढच्या आठवड्यात मी दादालाही ओढत नेलं. तो माझ्याहून जास्त खोकायचा, पण त्याला खोकला म्हणायचा नाही, घसा साफ करतो म्हणायचा. त्यालाही तेच निघालं.

फुंकणी

पूर्वी आमच्याकडे या आजाराची एकच रीत होती. दम कोंडेपर्यंत घरी बसायचं, मग जीप करून पळायचं, सुई घ्यायची, सलाईन लावायचं आणि परत यायचं. डॉक्टरबाईंनी नवीनच सांगितलं. दम एकदम उठत नाही, त्याआधी दोन-तीन दिवस शरीर इशारा देतं. तो इशारा आपल्याला घरीच कळला पाहिजे आणि त्याच दिवशी औषध वाढवलं पाहिजे.

त्यासाठी त्यांनी एक मीटर दिलं. प्लॅस्टिकची वीतभर नळी, तिच्यावर आकडे, आणि एका फटीत सरकणारा छोटा काटा. पूर्ण श्वास घ्यायचा, नळी तोंडात धरायची आणि जोरात फुंकायचं. काटा जिथे जाऊन थांबेल तो आपला आकडा. मग बोटाने काटा मागे सरकवून परत शून्यावर आणायचा. डॉक्टरबाईंनी नळीवर तीन रंगांच्या चिकटपट्ट्या लावून दिल्या, एका अंगाला माझ्या, दुसऱ्या अंगाला दादाच्या. काटा हिरव्यात असेल तर रोजचा पंप घ्यायचा आणि कामाला लागायचं. पिवळ्यात आला तर पंप वाढवायचा आणि त्यांनी दिलेल्या गोळ्या सुरू करायच्या. लाल म्हणजे काही विचार न करता नगर गाठायचं. तेव्हा असलं मीटर सहज मिळत नव्हतं, म्हणून दोघांत एकच. तोंडाचे पुठ्ठ्याचे तुकडे तेवढे वेगळे.

वहिनीने, म्हणजे दादाच्या बायकोने, मार्थाने, त्या नळीचं नाव फुंकणी ठेवलं. "आमची चुलीची आन् तुमची छातीची," ती म्हणायची.

पहिल्या दिवशी दवाखान्यात मी फुंकलं तेव्हा दम इतका लागला होता की ओठसुद्धा नीट मिटत नव्हते. काटा लालच्या जरासा वर गेला. औषधांनी जीव थाऱ्यावर आला आणि महिन्याभरात काटा हिरव्यात. दादाचं तसंच. डॉक्टरबाई म्हणाल्या, "छान! औषध लागू पडतंय." आम्ही दोघं पहिल्या नंबराने पास झालेल्या पोरांसारखे बाहेर आलो.

मग रोज सकाळी दादाच्या ओट्यावर आमचा सामना. आधी मी, मग तो. दादाचा काटा नेहमी माझ्यापुढे. तो मिशीवरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, "गुरू तो गुरूच." वहिनी चहा घेऊन उभी असायची. काटा हिरव्यात दिसला की कप हातात द्यायची, तोवर नाही. ते दिवस चांगले होते. आजारपणातले दिवस चांगले होते असं कुणी म्हटलं तर विचित्र वाटेल, पण आम्ही दोघं भाऊ रोज एकत्र चहा पीत होतो, आणि आम्हाला वाटत होतं की आपल्याला आजार सांभाळता यायला लागलाय.

लगीनसराई

त्या वर्षी उन्हाळ्यात तिथी दाट होत्या. दादाला सर्दी झाली. बेडका पिवळा झाला, मग हिरवट. रात्री तो उशा रचून बसून झोपायला लागला. वहिनी म्हणाली, "नगरला जाऊन या." सकाळी ओट्यावर दादाने फुंकणी घेतली, फुंकलं आणि वहिनी चहा घेऊन बाहेर आली तशी तिच्यापुढे धरली. "हे बघ. काटा कुठं हाय?"

काटा हिरव्यात होता. मीही पाहिला.

"मग दम का लागतुया?" वहिनी म्हणाली.

"सर्दी हाय. डॉक्टरबाईनी सांगितलंय न्हवं का, काटा हिरव्यात आसंल तर काम करायचं. त्या शिकल्याल्या हायेत का तू?"

वहिनीने कप त्याच्या हातात दिला. मीही माझा घेतला. मला खरंच पटलं होतं. मीटर म्हणजे मीटर, ते काय भाऊबंदकी करून खोटं सांगणार आहे? तीन-चार दिवस असंच चाललं. रोज काटा हिरव्यात, आणि रोज दादाची मान श्वासागणिक थोडी जास्त आत ओढली जायची.

मिरीकडच्या एका लग्नात, दुपारी, वरात देवळापाशी आली होती. दादा वाजवता वाजवता थांबला आणि पारावर टेकला. ट्रम्पेट माझ्याकडे दिलं. "धर जरा." मी त्याच्या ओठांकडे पाहिलं. जांभूळ खाल्ल्यासारखे झाले होते.

वऱ्हाडाचीच जीप मिळाली. लोकांनी चांगुलपणा केला, नवरीच्या मामाने स्वतः उचलून बसवलं. करंजीच्या घाटात दादाने माझा हात धरला आणि म्हणाला, "शमा, खिडकी उघड." खिडकी उघडीच होती. वारा त्याच्या तोंडावर येत होता, त्याचे केस उडत होते. मी तरी काच खाली करायचं हँडल फिरवलं, परत फिरवलं. दादा बघत होता. घाट संपायच्या आत तो गेला.

त्यानंतर ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली आणि तो खाली उतरून उन्हात उभा राहिला. मी दादाचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. इतकी वर्षं ज्याच्या पाठीमागे चालत वाजवलं, तो एवढासा झाला होता.

वहिनी

मूठमाती द्यायला वहिनी पुढे आली नाही. बायकांना वाटलं, धक्का बसलाय. चौथ्या दिवशी मी तिच्याकडे गेलो तेव्हा तिने फुंकणी माझ्या हातात ठेवली.

"घिऊन जा, भाऊजी. मला डोळ्यांपुढं नको."

"वहिनी..."

"त्यांनी बोटानं सारला काटा."

मला कळेना. तिने फुंकणी परत घेतली आणि मला करून दाखवलं. बोटाच्या टोकाने काटा लालमधून वर सरकवला, हिरव्यात नेऊन ठेवला. "असा. माझी पाठ फिरली की. लगीनसराई बुडवायची न्हवती त्यांना. आन् मला येडीला रोज दाखवत हुते, बघ, काटा कुठं हाय. मी नगरला चला म्हणून पाय धरले आसते, पर काटा बघून गप बसले. मला फसवून गेला ह्यो मानूस."

मी म्हणालो, दादा असं करणार नाही. पण माझ्या बोलण्यात जोर नव्हता. ज्या माणसाचा जीव जातोय त्याचा काटा हिरव्यात कसा राहील? दादाला सुपारी घेतलेलं लग्न मोडायची लाज वाटायची हेही मला माहीत होतं. घरी येऊन मी रूथला म्हणालो, "वहिनीचं खरं असलं तर?"

वहिनी कबरस्थानात कधी गेली नाही. सणासुदीला सगळी घरं फुलं घेऊन जातात, ती गेली नाही. महिन्याच्या प्रार्थनेला पाळक घरी आले तेव्हा ती आत भाकऱ्या करत बसली. आमच्यातल्या बाया कबरीपाशी बसून नवऱ्याला सगळं सांगतात, गाय व्यायली, पोरीचं पत्र आलं, भिंत पडली. वहिनीने काही सांगितलं नाही. मला दादाच्या जाण्याचं दुःख होतंच, पण त्याहून हे जास्त लागायचं की तो गेला आणि वर लबाड ठरला, तेही तिच्या नजरेत, आणि माझ्याही मनात कुठेतरी.

माझी पाळी

पुढच्या हिवाळ्यात बाजरीची मळणी सुरू झाली तेव्हा हवेत नुसतं भूस. मला सर्दी झाली, बेडका पिवळा झाला. मी फुंकणी काढली. काटा हिरव्यात.

रूथने माझ्या हातातून ती हिसकावून घेतली. "काट्याला घाला चुलीत. आरशात बघा सोताला." तिने शेजारच्याला जीप आणायला पाठवलं. मी म्हणत होतो, अगं थांब, उद्या बघू, काटा... ती ऐकेना. दादाच्या वेळचं तिच्या डोळ्यांपुढे होतं. मी आज आहे तो तिच्या त्या अविश्वासामुळे.

दवाखान्याचं काय सांगू? पहिले दिवस मला नीट आठवत नाहीत. नाकात नळी, तोंडावर वाफेचं मशीन, आणि हात सलाईनच्या सुयांनी काळानिळा. सगळ्यात मोठी भीती झोपेची. डोळा लागला तर श्वास घ्यायचा विसरून जाईन असं वाटायचं, म्हणून मी पंख्याच्या पात्यांकडे बघत राहायचो. रूथ कॉटखाली चटई टाकून झोपायची. मी मध्येच हात खाली सोडायचो, ती तो धरायची. शेजारच्या कॉटवर राहात्याचे एक म्हातारे पेरूवाले होते. त्यांनाही हाच आजार. ते म्हणायचे, "श्वास म्हंजे पावना हाय, भौ. आला की आधी बसू द्यायचा, मग बोलायचं." मी त्यांच्यामुळे हसलो, आणि हसल्यामुळे खोकलो, आणि नर्स आम्हा दोघांना रागावली. त्या आठवड्यात देवाने दिलेलं सुख म्हणजे एवढंच, आणि सकाळचा पहिला चहा.

बसता यायला लागलं तेव्हा डॉक्टरबाईंनी मीटर हातात दिलं. मी फुंकलं.

काटा हिरव्यात.

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं, नखांकडे पाहिलं, मग काट्याकडे. दुसरं मीटर मागवलं. मी फुंकलं. काटा हिरव्यात. त्या कॉटच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "परत एकदा. सावकाश. मला तुमच्या तोंडाकडे बघू द्या."

मी फुंकलं.

"शमुवेल, तुम्ही काम काय करता?"

"मजुरी."

"आणखी काही?"

आता लाजायला अंगात त्राण नव्हतं. "बँडमधी वाजवतो. ट्रम्पेट."

त्यांनी डोळे मिटले. मग पुढे होऊन माझे दोन्ही गाल अंगठ्याने आणि बोटाने आत दाबून धरले, चांगले घट्ट. म्हणाल्या, "जीभ खाली. 'तू' नाही करायचं. काचेवर वाफ सोडतो तसं 'हा', पण असेल नसेल तेवढ्या जोराने. छातीतून."

मी 'हा' केलं. काटा जेमतेम हलला. लालमध्येही वरच्या बाजूला नाही, पार खाली.

मी म्हणालो, मीटर बिघडलं. त्या म्हणाल्या, "नाही. आत्ता पहिल्यांदा नीट चाललं. इतके दिवस तुम्ही गालातली हवा जिभेने फेकत होतात. ती काट्याला पळवते, पण ती छातीची नव्हे. छाती बंद पडत आली तरी तुमचे गाल हिरवा आकडा दाखवतील."

मला आधी माझं वाईट वाटलं, ते सांगतो. वर्षभर मी समजत होतो की मी बरा आहे, आणि खरा आकडा हा होता. एक्स-रेच्या दिवशी मला जे कळलं नव्हतं ते त्या दिवशी कळलं. मग डोक्यात लख्ख उजेड पडला आणि माझ्या हातातून मीटर खाली पडलं.

"बाई, माझा भाऊ."

त्यांना आठवत होता. "तेही वाजवायचे?"

"त्यानंच शिकवलं मला."

डॉक्टरबाईंनी खाली पडलेलं मीटर उचललं. मग म्हणाल्या, "मी विचारायला हवं होतं. तुम्ही फुंकताना तोंडाकडे बघायला हवं होतं. मी फक्त काटा बघत होते." त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांना दोष दिला नाही, आजही देत नाही. मजुरी आम्हीच सांगितली होती. आणि आम्हीही काटाच बघत होतो.

त्या दिवशी मी भिंतीकडे तोंड करून खूप रडलो. रडायला श्वास लागतो, म्हणून थांबून थांबून रडलो. दादा लबाड नव्हता. त्याला जे येत होतं ते त्याने उत्तम केलं, आणि तेच त्याला नडलं. मला माझा दादा परत पाहिजे होता, ओट्यावर, मिशीवरून हात फिरवणारा. त्याला एकदा सांगायचं होतं की अरे, गाल सोड.

आता आम्ही काय करतो

हे ज्यांना उपयोगी पडेल त्यांच्यासाठी. रोज सकाळी फुंकताना रूथ माझे गाल धरते. तुम्ही सनई वाजवत असाल, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, काहीही तोंडाने वाजवत असाल, तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, लाजू नका. नसाल वाजवत, तरी कुणाला तरी समोर बसवून फुंका. खरा आकडा कमी येतो आणि सकाळी सकाळी बघायला बरा वाटत नाही. तरी तोच बघायचा.

नुसत्या काट्यावर विसंबू नका. बेडक्याचा रंग बघा. पायावर सूज आहे का बघा. मी एका श्वासात बाराखडी म्हणतो. बऱ्या दिवशी 'क'ची पूर्ण होते. जिथे अर्ध्यात तुटते त्या दिवशी काटा काहीही म्हणो, मी गोळ्या सुरू करतो आणि एसटीडीवरून दवाखान्यात फोन लावतो. डॉक्टरबाईंनी माझ्या पट्ट्या नव्याने लावून दिल्या. हिरवी पट्टी आता बरीच खाली आहे. तेवढ्यात राहायचं, एवढंच आता माझ्या हातात.

आणि घरच्यांना सांगतो, तुम्हाला माणूस बरा दिसत नसेल तर तुमच्या डोळ्यांवर विश्वास ठेवा. तो चिडेल, नगरला नेल्यावर चार शिव्या देईल. देऊ द्या.

ट्रम्पेट मी वाजवत नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, झेपेल तेवढं वाजवायला हरकत नाही. पण ओठांना लावलं की शेजारी दुसरं ट्रम्पेट ऐकू येत नाही, आणि मग मला पुढचं येत नाही.

वहिनीला सांगितलं तो दिवस

दवाखान्यातून आल्यावर अंगात जरा बळ आलं तसा मी रूथला घेऊन दादाच्या घरी गेलो. वहिनी ओट्यावर बाजरी निवडत होती. माझ्या हातात फुंकणी बघून तिचा चेहरा आखडला.

"ती कशाला आनली?"

"वहिनी, फकस्त बघा. मी बोट लावत न्हाई. दोनी हात मागं बांधतो."

मी हात पाठीमागे घेतले. रूथने दादाच्या जुन्या पट्ट्यांचं अंग वहिनीकडे करून नळी माझ्या तोंडात धरली. मी दादाने शिकवल्यासारखं गालावर फुंकलं. काटा सर्रकन हिरव्यात गेला. रूथने तो शून्यावर आणला, एका हाताने नळी धरली, दुसऱ्याने माझे गाल दाबले. मी छातीतून फुंकलं. काटा लालमध्ये.

वहिनीने सूप खाली ठेवलं. "परत करा."

मी परत केलं. मला दम लागला होता, रूथ नको म्हणत होती, पण मी तिसऱ्यांदाही केलं. हिरवा, आणि मग लाल.

मग मी तिला सगळं सांगितलं, गाल, जीभ, डॉक्टरबाई, मजुरी. थांबत थांबत सांगितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, फुंकणीकडे बघत होती.

"म्हंजे त्यांनी बोट लावलं न्हवतं."

"न्हाई वहिनी."

"त्यांना सोतालाबी ठावं न्हवतं."

"न्हवतं. त्याला वाटत हुतं, आपन बरं हाय. तो तुमाला खरंच सांगत हुता."

ती तशीच बसली. ओट्यावर चिमण्या आल्या, तिने हाकलल्या नाहीत. रूथ तिच्याजवळ जाऊन बसली तसं ती म्हणाली, "मी मातीसुदीक दिली न्हाई गं. सा-सात म्हैने झाले, मी त्यांच्याशी अबोला धरलाय."

ती उठली. डोक्यावर पदर घेतला आणि अनवाणीच निघाली. कुठे ते विचारायची गरज नव्हती. मीही मागे निघालो, पण बाजारतळापर्यंतच जाता आलं. तिथे एका दुकानाच्या पायरीवर बसलो. रूथ म्हणाली, "मी जाऊ का तिच्यासंगं?" मी मानेनेच नको म्हटलं.

कबरस्थान तिथून बरंच लांब आहे, गावाबाहेर. रस्ता सरळ असल्याने वहिनी खूप वेळ दिसत राहिली. जाताना तिचा उजवा हात सारखा हलत होता, कुणाला काही समजावून सांगताना हलतो तसा. पोचेपर्यंत तिला धीर निघाला नव्हता. ती वाटेतच त्याच्याशी बोलायला लागली होती.